उरलेलं औषध मोरीत ओतू नका

दिवाळीच्या आवराआवरीत घरातला औषधांचा डबा उपडा केला जातो. त्यातून अँटिबायोटिकची दोन-तीन गोळ्या उरलेली पट्टी निघते, तळाशी साखर धरलेली खोकल्याच्या औषधाची बाटली निघते, आजोबांच्या आजारपणातल्या फिटच्या गोळ्या निघतात, उघडून वर्ष झालेले डोळ्यांचे थेंब निघतात. मग पातळ औषधं मोरीत ओतली जातात, गोळ्या संडासात टाकून वर बादलीभर पाणी सोडलं जातं आणि बाटल्या भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवल्या जातात. असं करणारी माणसं बेफिकीर नसतात. लहान मुलाच्या हाती लागू नये, कचऱ्यातून उचलून कुणी खाऊ नये, या काळजीपोटीच ती औषध पाण्यात सोडतात. काळजी रास्त आहे. पण पाण्यात सोडलेलं औषध संपत नाही, फक्त आपल्या नजरेआड होतं.

औषध मुळात टिकण्यासाठीच घडवलेलं असतं. जठरातल्या आम्लातून आणि यकृतातून निभावून त्याला दुखऱ्या जागेपर्यंत पोचायचं असतं. त्यामुळे पुष्कळ औषधं शरीरातूनही जशीच्या तशी बाहेर पडतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, लघवीवाटे मूळ रूपात निघून जातं. ॲमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग तसाच बाहेर येतो. पुढे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मैला आणि अन्नकण खातात, पण फिटवरच्या कार्बामाझेपिनला ते जवळपास हात लावत नाहीत. जेवढं आत येतं, साधारण तेवढंच नदीत जातं. आणि हे झालं केंद्रापर्यंत पोचणाऱ्या पाण्याचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि त्यातलं २०,२३५ दशलक्ष लिटरच प्रत्यक्षात शुद्ध होतं. बाकीचं नाल्यांतून थेट नदीला मिळतं.

२०२२ साली १०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी एकाच पद्धतीने तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफीन हे तीन पदार्थ निम्म्याहून अधिक ठिकाणी सापडले. सगळ्यांत वाईट अवस्था लाहोर, ला पाझ आणि अदिस अबाबा इथल्या पाण्याची होती. जिथे औषधं सहज मिळतात पण मैलापाण्याची व्यवस्था तोकडी आहे, तिथेच हे प्रमाण वाढतं. आपली शहरं याच वर्णनात बसतात.

हे वाचून नळाच्या पाण्याची धास्ती घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या प्रश्नाचा स्वतंत्र आढावा घेतला, तेव्हा शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात सापडणारं औषधांचं प्रमाण इतकं कमी दिसलं, की त्यातून माणसाला थेट अपाय होण्याची शक्यता अगदी नगण्य ठरवण्यात आली. पाणी उकळून ही औषधं जात नाहीत. आरओ यंत्राने बरीचशी अडतात, पण अडलेलं सगळं यंत्राच्या दुसऱ्या नळीतून पुन्हा गटारातच जातं. म्हणून केवळ या कारणासाठी आरओ घेण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. काळजी करायची ती पाण्यात राहणाऱ्या जिवांची आणि त्या पाण्यात औषधांना सरावणाऱ्या जिवाणूंची.

माशांना किती थोडं पुरतं, याचा पुरावा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला आहे. २००१ ते २००३ या काळात कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या एका तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच मिसळलं. तिथल्या छोट्या मिनो माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि त्या जातीची संख्या जवळजवळ शून्यावर आली. नॅनोग्रॅम म्हणजे किती ते आपल्याकडच्या मापाने पाहू. १.९७ टीएमसीचं खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असताना त्यात एवढं प्रमाण गाठायला सुमारे २८० ग्रॅम औषध पुरेल. या हकिकतीचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. संप्रेरक मिसळणं थांबवल्यावर काही वर्षांत ते मासे त्या तलावात पुन्हा वाढले. औषध पाण्यात जाणं कमी झालं तर पाणी सावरतं, आणि हे कमी करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

घेताना हात आखडा

एक गोष्ट सर्वांत आधी: पाण्यात जातं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणीही बंद करू नये, कमी करू नये. मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची गोळी चुकवण्याची किंमत फार मोठी असते. कमी करायचं ते गरज नसताना घेतलेलं आणि घेऊन पडून राहिलेलं औषध.

नवं औषध सुरू होत असेल तर पहिल्यांदा महिन्याचा साठा घेऊ नका. सोसतं की नाही, डॉक्टर मात्रा बदलतात की नाही, हे आठवड्याभरात कळतं. आपल्याकडचे औषध दुकानदार पट्टी कापून हव्या तेवढ्या गोळ्या देतात, त्या सोयीचा उपयोग करून घ्या. मात्र कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख आली आहे का ते पाहा. बहुतेक पट्ट्यांवर ती एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहिलं तर दुकानदाराकडून पेनाने तारीख लिहून घ्या. घरी गोळ्या काढतानाही तारखेचं टोक शेवटपर्यंत राहू द्या. तारीख न कळल्यामुळे चांगली औषधंही टाकून द्यावी लागतात.

साध्या सर्दीपडशाला अँटिबायोटिक मागू नका. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या या वेळच्या तापाला घेणं तर पूर्ण बंद करा. त्या तीन गोळ्यांनी आजार बरा होत नाही आणि त्यांतलं औषध मात्र गटारात पोचतं. तिथे जिवाणूंची दाटी असते. थोड्या औषधाला तोंड देऊन जे तगतात ते वाढतात आणि प्रतिकाराचं जनुक शेजारच्या जातींनाही देतात.

गुडघेदुखीच्या मलमाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. डायक्लोफिनॅकचं मलम चोळल्यावर त्यातला अगदी थोडा भाग त्वचेतून आत जातो. उरलेलं हातावर, गुडघ्यावर, कपड्यांवर राहतं आणि हात धुताना, अंघोळीच्या वेळी, कपडे धुताना पाण्यात उतरतं. त्यामुळे मलम लावून झालं की हात लगेच नळाखाली धरू नका. आधी कागदाने किंवा जुन्या सुती चिंधीने नीट पुसा, तो कागद कचऱ्यात टाका आणि मग साबणाने हात धुवा. मलम लावण्याआधीच अंघोळ उरकून घ्या. यात खर्च नाही की कष्ट नाहीत, आणि ज्या घरात दोन्ही आजी-आजोबांचे गुडघे दुखतात तिथे वर्षाकाठी बरंच औषध यामुळे पाण्यात जायचं वाचतं.

उरलं तर काय करायचं

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना आणि वापरलेल्या सुयांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं. तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवायचा आणि तो घेण्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र स्थानिक स्वराज्य संस्थेने उभारायचं, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. नियम चांगला होता. आपल्या बहुतेक गावांत आणि शहरांत ते केंद्र कुठे आहे हे नागरिकांना माहीत नाही, ही खरी अडचण आहे. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडला 'एन-प्राउड' नावाने उपक्रम सुरू केला. त्यात घरोघरची जुनी औषधं गोळा करून ती उच्च तापमानाच्या भट्टीत जाळायला पाठवतात. महाराष्ट्रातही हे जमण्यासारखं आहे. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेतच. तिथपर्यंत घरातली औषधं नेणारी साखळी तेवढी उभी करायची आहे.

ती होईपर्यंत घरात एक रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी ठेवा आणि तिच्यावर 'जुनी औषधं, खाऊ नये' असं मोठ्या अक्षरांत लिहा. गोळ्या पट्टीतून सोडवू नका, पट्टीतच सुरक्षित राहतात. पातळ औषध मूळ बाटलीत राहू द्या, झाकण आवळून वर चिकटपट्टी मारा. लेबलवर रुग्णाचं नाव असेल तर ते खोडा. बरणी भरली की आधी औषध दुकानदाराला, मग प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा. काही दुकानदार आणि रुग्णालयं घेतात, काही घेत नाहीत. दुकानदाराने नकार दिला तर रागावू नका. तुमच्या घरात ते औषध किती उष्णतेत राहिलं हे त्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून ते पुन्हा विकताही येत नाही, आणि आपल्याकडचा जुना माल परत पाठवण्याची त्याची व्यवस्था फक्त न विकलेल्या मालासाठी असते. अखंड, मुदतीतली, तारीख दिसणारी पट्टी मात्र धर्मादाय दवाखान्याला विचारून देता येते.

कुठेच सोय झाली नाही तर शेवटचा मार्ग असा. पातळ औषधात वापरलेली चहापत्ती, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती इतकी मिसळा की ते वाहणार नाही. मग ते जाड पिशवीत दोनदा गुंडाळून, पिशवीवर 'औषधं' असं लिहून घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळं द्या. ओल्या कचऱ्यात कधीही घालू नका. तो कचरा एक तर खतात जातो, नाहीतर मोकाट गाय खाते. आपल्या कचरा डेपोंमधूनही पाणी झिरपतं, म्हणून हा उपाय पुरता नाही. पण थेट गटारात ओतण्यापेक्षा नक्कीच बरा.

खेड्यात घंटागाडी नसते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याला किंवा आशाताईंना विचारा. केंद्राच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत ती औषधं जाऊ शकली तर उत्तम. नाहीतर बरणी बंद करून माळ्यावर ठेवा आणि शहरात जाणं होईल तेव्हा द्या. उकिरड्यावर टाकू नका, तिथून ती खताबरोबर शेतात जातात आणि कोंबड्या टिपतात. विहिरीजवळ पुरू नका. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका. गोळ्यांच्या पट्टीचं प्लास्टिक कमी आचेवर जळताना विषारी धूर सोडतं, आणि तो श्वासात घेणारं आपलंच माणूस असतं.

काही औषधांना वेगळे नियम आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला दिलेले फेंटानिलचे पॅच, ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम अशा मोजक्या औषधांची एक मात्राही मुलाच्या जिवावर बेतू शकते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १७ औषधांची यादी दिली आहे आणि ती घरात पडू देण्यापेक्षा संडासातून सोडावीत असं म्हटलं आहे. रुग्णालय परत घेत असेल तर तिथेच द्या. घेत नसेल तर या यादीपुरता तोच मार्ग धरा, कारण इथे मुलाचा जीव आधी येतो. पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावा. कर्करोगाच्या गोळ्या मात्र संडासात, कचऱ्यात कुठेच टाकायच्या नाहीत. त्या उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडेच जायला हव्यात. दम्याच्या पंपाची नळी रिकामी वाटली तरी तिला भोक पाडू नका, आगीत टाकू नका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाऊ नये, एवढं आपण तिचं देणं लागतो. रिकाम्या बाटल्या भंगारात देताना त्यांवरचं लेबल फाडा, नाहीतर त्याच बाटलीत बनावट औषध भरलं जाऊ शकतं.

गोठ्यातली औषधं

ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांच्याशी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण औषधाच्या अंशाने केलेला सगळ्यांत मोठा घात आपल्या देशाने गोठ्याच्या वाटेनेच पाहिला आहे.

नव्वदच्या दशकात गिधाडं मरू लागली. झाडावर बसलेलं गिधाड मान खाली टाकून तासन्‌तास तसंच राहायचं आणि मग पडायचं. शवविच्छेदनात काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसायचा. तो युरिक ॲसिडचा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर बसतं. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण शोधून काढलं. दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या जनावराला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलेलं असायचं, ते जनावर दोन-चार दिवसांत मरायचं आणि गिधाडं ते खायची. शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी गिधाडांची जात संपायला ते पुरतं, असं पुढे हिशेबाने दिसलं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांतून एक पक्षी उरला. मुंबईत मलबार हिलच्या दख्म्यांवर मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची पारशी समाजाची शतकांची रीत त्यामुळेच अडचणीत आली.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन एका मात्रेपुरत्या छोट्या कुपीतच विकण्याचा नियम झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅक यांनाही पशुउपचारात मनाई झाली. ॲसेक्लोफिनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनतं.

तेव्हा बैल लंगडत असेल, गाईला ताप असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "मेलॉक्सिकॅम द्या, नाहीतर टॉल्फेनॅमिक ॲसिड." ही दोन्ही गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि जनावरालाही गुण देतात. कुपीवरचं नाव स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा. इतर कुठलं वेदनाशामक दिल्यावर आठवड्याच्या आत जनावर दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. रायगडात फणसाडच्या किंवा नाशिककडे हरसूलच्या परिसरात राहणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं, कारण तिथे गिधाडांसाठी मृत जनावरं ठेवली जातात. अशा ठिकाणी जनावर देताना शेवटचं इंजेक्शन कधी आणि कशाचं झालं ते खरं सांगा.

दुसरं दुधाचं. गाईला दगडी झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. औषधावर दूध वर्ज्य करण्याचा काळ दिला असेल तो पाळा. दिला नसेल तर कायद्याने दुधासाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरायचे असतात. उकळल्याने हे औषध जात नाही. अशा दुधाला कधी कधी विरजण लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणूच त्यात मरतात. ते दूध डेअरीत घालू नका आणि वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटात औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. ते कंपोस्टच्या खड्ड्यात ओता, ओढ्यात नको. सात दिवसांचं दूध सोडणं हे दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला किती जड जातं याची मला जाणीव आहे. म्हणूनच धार काढताना कास आणि हात स्वच्छ ठेवणं, गोठा कोरडा ठेवणं आणि दगडी मुळात होऊच न देणं हे सगळ्यांत स्वस्त पडतं.

गोचीड-जंतांवरचं आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेण मातीत कालवणाऱ्या शेणकिड्यांची पिल्लं मारतं. सगळ्या जनावरांना एकाच दिवशी ते देण्याऐवजी डॉक्टरांना विचारून गरजेपुरतंच द्या. उपचारानंतरचं शेण थेट शेतात न टाकता काही महिने कुजवून मग वापरा.

कारखान्याच्या बाजूला राहत असाल तर

घरातून आणि गोठ्यातून जाणारं औषध थेंबाथेंबाने जातं. कारखान्याच्या सांडपाण्याचं प्रमाण वेगळंच असू शकतं. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे सुमारे ९० औषध कंपन्यांचं सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही हे जास्त होतं. दिवसाला बाहेर पडणारं औषध ४५ किलो भरत होतं, म्हणजे नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतकं. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. माझ्या मते हा आपल्या सार्वजनिक आरोग्यावर झालेला अन्याय आहे आणि त्या मर्यादा परत यायला हव्यात.

औद्योगिक वसाहतीजवळच्या ओढ्यात रंग, वास किंवा मेलेले मासे दिसले तर जागा, तारीख, वेळ टिपा, फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. स्वतः बाटलीत भरून ठेवलेलं पाणी कोर्टात टिकत नाही. १९७४ च्या जल कायद्यात नमुना कसा घ्यायचा याची रीत ठरलेली आहे आणि तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. त्यामुळे फोन लवकर करा आणि अधिकारी येतील तेव्हा जागा दाखवायला हजर राहा.

घरातल्या जुन्या औषधांसाठी नगरपालिकेकडे जायला मात्र तक्रार होण्याची वाट पाहू नका. सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या नावाने एक साधा अर्ज करा. घरगुती घातक कचऱ्याचं केंद्र आमच्या प्रभागात कुठे आहे, मुदत संपलेली औषधं कोणत्या वारी घेतली जातात, आणि गोळा झालेली औषधं पुढे कोणत्या भट्टीत जातात, हे तीन प्रश्न त्यात असू द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जात तोच क्रमांक घालता येतो.